तुळशीदासची भोंग्याची गाडी

मढच्या अलीकडे, माळशेजच्या वाऱ्याला तोंड देत बसलेली टेपवाडी नावाची वाडी आहे. वाडीच्या मागे एक टेकाड आहे, त्याला म्हणायचं टेप, आणि त्यावरून वाडीला हे नाव पडलं. या टेकाडाचा आजघडीला एकच उपयोग: फोनला रेंज तिथेच येते. ज्याला पाहुण्यांची खुशाली विचारायची, ज्याला बाजारातला कांद्याचा भाव ऐकायचा, तो धापा टाकत टेकाड चढतो. वर वारा असतो म्हणून त्याला ओरडून बोलावं लागतं, आणि तो जे बोलतो ते खालच्या अर्ध्या वाडीला फुकटात ऐकू येतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या वाडीत तुळशीदास राहतो. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगकाठी किरकोळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. वाडीच्या खाली, डांबरी रस्त्याला लागून सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथल्या रुग्णवाहिकेवर तो ड्रायव्हर. रुग्णवाहिका हा शब्द वाडीत कुणी तोंडात घेत नाही, ती भोंग्याची गाडी. तरुणपणी तुळशीदासने पारगावच्या बाजूला कारखान्याच्या उसाचे ट्रॅक्टर चालवले होते. मागे दोन ट्रॉल्या, आणि गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की मागून कोण हॉर्न वाजवून मरतंय याचा पत्ता नाही. आता तो स्वतः भोंगा वाजवत अशा एखाद्या ट्रॅक्टरमागे अडकला, की शिव्या देत नाही. "आपलीच जात हाय राव, ऐकू येतंय कुठं?" म्हणतो आणि दिवे मिचकावत बसतो.

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की इकडे थंडी हातपाय पसरते. जुन्नरच्या बाजारात माणसं नवे स्वेटर मिरवत चहा पीत असतात, आणि इथे सकाळी पाण्याच्या हंड्यात हात घालायचा तर आधी मनाची समजूत काढावी लागते. म्हाताऱ्यांच्या छात्या भरतात, दमेकरी भिंतीला टेकून पहाट काढतात, तान्ह्या पोरांची नाकं चोंदतात. म्हणून कार्तिक संपायच्या आत केंद्रात गडबड उडते. ऑक्सिजनच्या टाक्या भरून येतात. वाफेच्या मशीनच्या नळ्या नव्या बसतात. लाल ब्लँकेटं धुऊन गच्चीवर वाळत पडतात. बाळंतिणीच्या खोलीतला हिटर लावून बघतात, तेव्हा दर वर्षी आतून एक तरी भाजलेलं झुरळ निघतं आणि मग खोलीभर उदबत्ती फिरवावी लागते.

तुळशीदासची तयारी स्वतंत्र. बॅटरी, धुक्यातले पिवळे दिवे, टायर हे तर झालंच. पण थंडी सुरू झाली की तो गाडी रोज सकाळी पाठीमागून उन्हाकडे लावतो आणि मागची दोन्ही दारं सताड उघडी टाकतो. स्ट्रेचरवर कोवळं ऊन पडलं पाहिजे. त्याचं म्हणणं असं, की थंडीत आजारी माणसाच्या पाठीला पहिल्यांदा लोखंड लागतं आणि त्याचा अर्धा धीर तिथेच सुटतो. म्हणून स्ट्रेचरच्या गादीवर, सरकारी चादरीच्या खाली, त्याने घरची गोधडी अंथरलेली. आईने शिवलेली, जुन्या लुगड्यांची, चांगली जाडजूड. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी चादर उचलून विचारलं, "हे काय?" तुळशीदास म्हणाला, "साहेब, हात लावून बघा." साहेबांनी हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि चादर खाली सोडली.

गाडी अशी झकास तयार. अडचण एवढीच होती, की गाडीत बसायला माणूस तयार नव्हता.

त्याचं असं झालं. गेल्या पौषात संपत गेला. संपत म्हणजे गेणभाऊंचा धाकटा भाऊ, तुळशीदासचा शाळेतला सोबती. आणि गेणभाऊ म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं शेतकऱ्याचं घर. माणूस मोजकं बोलणारा, पण बोलला की वाडी ऐकते. संपतची छाती भरली तेव्हा घरच्यांनी तेल चोळलं, वीट तापवून शेकलं, ओव्याची धुरी दिली. ओठ निळे पडले तेव्हा कोणीतरी फोन करायला टेकाडावर पळालं. तुळशीदासने गाडी अशी हाणली की तशी आयुष्यात कधी हाणली नव्हती, केंद्राने पुढे जुन्नरला धाडलं तिथपासून भोंगा एकसारखा चालू. जुन्नर दिसायच्या आत संपत गेला. मागे बसलेल्या गेणभाऊंनी काचेवर बोट वाजवलं आणि म्हणाले, "बंद कर तो भोंगा." तेव्हापासून ते तुळशीदासशी एक शब्दही बोलले नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले तर ते बांधाकडे बघत.

गेणभाऊ बोलत नाहीत म्हटल्यावर वाडीने आपला निकाल लावून टाकला. ती गाडी चांगली नाही. तिच्यात बसलेलं माणूस परत येत नाही. आता यात थोडं तथ्य होतंच, कारण शेवटचा श्वास लागल्याशिवाय कुणी गाडी बोलावतच नव्हतं. उशिरा बोलवायचं म्हणून माणूस जायचं, आणि माणूस जातं म्हणून आणखी उशिरा बोलवायचं. बाळंतिणी मात्र बिनघोर जायच्या आणि पोर घेऊन यायच्या. पण ते काही दुखणं नव्हे, असं वाडीचं मत. बाकी कुणाला धाप लागली, की त्याला मोटरसायकलवर पुढे एक आणि मागे एक अशा दोघांच्या मध्ये कोंबायचं आणि त्या गार वाऱ्यात न्यायचं. माणसाला ऊब द्यायला घेतलेली गाडी उन्हात रिकामी उभी, आणि छाती भरलेलं माणूस वाऱ्यावर.

त्यातून सगळ्यात मोठी पंचाईत घरातच होती. त्याची आई चिमाबाई. सत्तरी ओलांडलेली, बोटभर उंचीची, पण जीभ अशी की वाडीतले दांडगे गडी तिला वळसा घालून जात. तिला कित्येक वर्षांचा दमा. थंडी पडली की छाती वाजायची. आणि तीही गाडीत बसायला तयार नव्हती.

"आये, पोटच्या पोराच्या गाडीला काय भ्यायचं?" तुळशीदासने एकदा विचारलं.

"तुला न्हाई भीत रं बाळा. तिला भिते." चिमाबाई गोधडीला टाका घालत म्हणाली. "त्या गाडीत झोपून गेल्यालं मानूस बसून माघारी आल्यालं तू दावलंस का कवा? बाळंतिणी सोडून सांग."

तुळशीदासने आठवून बघितलं. आठवत होते ते वाडीतले नव्हते. त्याने विषय बदलला.

"पन गोधडी तर दिलीस की गाडीला."

"मंग? जानाऱ्याच्या पाठीला गार लागाया नगं," चिमाबाई म्हणाली.

तर वाडीत हे असं चाललेलं. ड्रायव्हरची आईच बसत नाही म्हटल्यावर दुसऱ्याला काय म्हणून सांगायचं? यंदाच्या थंडीत तुळशीदासला दुसरं काही नको होतं. माणसं वेळेवर गाडीत बसावीत, एवढंच. आणि त्यातही पहिली आपली आई.

या वर्षी केंद्रात नव्या डॉक्टर आल्या होत्या, डॉक्टर श्रेया. वयाने लहान, कामाला वाघीण. थंडीच्या तयारीत त्यांनी एक नवं काढलं. म्हणाल्या, सगळं सामान आलंय, पण ते ऐन वेळी चालतं का, माणसं ऐन वेळी नीट हलतात का, हे एकदा करून बघू. एक रुग्ण उभा करायचा, खोटा. त्याच्या घरून फोन येणार, गाडी जाणार, भोंगा वाजवत त्याला आणणार, ऑक्सिजन, वाफ, गरम खोली, सगळं अगदी खऱ्यासारखं. सराव. कल्पना सगळ्यांना पटली, फक्त रुग्ण व्हायला कोणी पुढे येईना. केंद्रातला शिपाई म्हणाला, "मॅडम, त्या गाडीत खोटंसुद्धा कोन बसनार न्हाई."

तुळशीदासची बायको उज्ज्वला ही वाडीची आशाताई. घरोघर जाऊन औषधं-लशींचं बघणारी, आणि घरात सासूचं तोंड सांभाळणारी, यातलं दुसरं काम जास्त अवघड. तिने संध्याकाळी चुलीपुढे सहज विषय काढला. "आत्याबाई, डाक्टरीनबाईंना कोन म्हातारं मानूस पायजे. खोटं खोटं आजारी पडायला."

चिमाबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "खोटं म्हंजी किती खोटं?"

"झोपायचं, गाडीत जायचं, मशीन लावत्याल, आन् माघारी यायचं."

"माघारी कोन आननार?"

"हेच की, तुमचा ल्योक."

चिमाबाईने भाकरी तव्यात टाकली. मग म्हणाली, "सांग जा, मी येते. खोट्याला काय भ्यायचं?"

शेजारी जेवायला बसलेल्या तुळशीदासला हे खरंच वाटेना. महिनोन्महिने तो ज्यासाठी आईच्या विनवण्या करत होता, ते तिने एका भाकरीत कबूल केलं होतं. खोटं तर खोटं, पण आई गाडीत बसणार होती.

सरावाच्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दारात आला, तर चिमाबाई नटून बसलेली. वंदनेला नेसायचं पांढरंशुभ्र पातळ, जे बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिललाच पेटीतून निघायचं, ते ती नेसली होती. डोक्याला तेल, केस चापूनचोपून.

"आये, हे काय? आजारी मानूस असं नेसतंय व्हय?"

"फोटू काढनार हायत म्हनं. फाटक्या लुगड्यात माझा फोटू पुन्याला जायाचा का?"

स्ट्रेचर आणलं. चिमाबाई त्यावर आडवी झाली, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खऱ्यासारखं करायचं, म्हणून ती खऱ्यासारखं करत होती. शिपाई आणि तुळशीदासने स्ट्रेचर उचललं. मागून उज्ज्वला. सासूला अशी गपगार आडवी, मुक्याने चाललेली तिने लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बघितली, आणि तिला इतकं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबूनही तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

सरावाचं उज्ज्वलाने वाडीत सांगितलं होतं बरं का. पण कांद्याच्या लागणीचे दिवस; अर्ध्या बाया भल्या सकाळी पलीकडच्या वावरात गेलेल्या, त्यांच्या कानावर काही नव्हतं. त्यांनी लांबून काय पाहिलं? चिमाबाई पांढऱ्यात आडवी. मागे सून, तोंडात पदर, खांदे हलतायत. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

बायांच्या हातातली रोपं गळून पडली. एक जण चिखलाच्या पायांनी तशीच टेकाडावर पळाली. पुढचं तुम्हाला सांगायला नको. टेकाडावरून पारगावला फोन गेला, तिथे तुळशीदासची थोरली बहीण साळुबाई दिलेली. "साळू, निघ गं बाई, तुझी आय न्हाई राह्यली." खाली अर्ध्या वाडीने ते ऐकलं. ज्यांना सराव ठाऊक होता तेही बुचकळ्यात पडले, म्हणाले, सराव होता खरा, पण मध्येच काही झालं असेल, म्हातारं माणूस. गेणभाऊंच्या सुनेने त्यांना फोन लावला. ते कामाला जुन्नरला गेले होते.

इकडे गाडी रस्त्याला लागली. तुळशीदास मधल्या काचेतून दर वळणाला मागे बघत होता.

"आये, बरी हायस न्हवं?"

"तू म्होरं बघ," आतून आवाज आला. पण आवाज बारीक होता, आणि एवढे तीन शब्द बोलायला चिमाबाईने मध्ये श्वास घेतला. तुळशीदासला वाटलं, आई सोंग छान वठवतेय.

केंद्रात सगळे तयारीने उभे. चिमाबाईला खोलीत घेतलं, डॉक्टर श्रेयांनी बोटाला चिमटा लावला, तो अंगातला ऑक्सिजन दाखवतो. त्यांनी आकडा बघितला. चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला, पुन्हा बघितला. मग छातीला नळी लावून ऐकायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सरावाचं हसू हळूहळू उतरलं.

"आजी, ही धाप कधीपासून आहे?"

"खोटी हाय ती," चिमाबाई म्हणाली. "तुमीच सांगितलं व्हतं ना, खऱ्यावानी करा."

"आजी, छाती खोटं बोलत नसते."

चिमाबाईने मान वळवून भिंतीकडे केली. डॉक्टरीणबाई तुळशीदासकडे वळल्या. "भाऊ, सराव संपला. आजी खरंच आजारी आहेत. आज आणल्या ते फार बरं झालं. घरी राहिल्या असत्या तर अवघड झालं असतं."

तुळशीदास बाकावर बसला. एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागली. आई हल्ली शेळ्यांच्या पडवीत झोपत होती, म्हणायची तिथे ऊब असते. ऊब कसली, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. दुपारी ती पाणी आणायचं टाळायची. संपतचंही असंच सुरू झालं असेल. आपण वाडीभर सांगत हिंडलो, वेळेवर या, वेळेवर या, आणि आपल्याच घरात हे. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. शिपायाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग काही सुचेना म्हणून स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर घातली.

पण त्या दिवशी केंद्रात एकही वस्तू शोधायला लागली नाही, हे मात्र खरं. टाकी भरलेली, नळी नवी, वाफेचं मशीन टेबलावर, खोली आधीच गरम केलेली. सरावाला म्हणून जो तो आपापल्या जागी उभा होता, तो तसाच खऱ्या कामाला लागला. चिमाबाईच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लागला, सुई झाली, लाल ब्लँकेट अंगावर आलं. ऊन वर आलं तसा तिचा श्वास खाली बसत गेला. ओठांवर रंग आला. आणि मुखवटा बाजूला करून ती पहिलं वाक्य बोलली, "चा हाय का हितं, का नुसतीच वाफ?"

तुळशीदास असा हसला की डॉक्टरीणबाई धावत आल्या.

चहा आला, सोबत बिस्किटं आली. चिमाबाई उशीला टेकून बिस्किट चहात बुडवते आहे, एवढ्यात फाटकात पिकअप येऊन थांबली आणि त्यातून आभाळ फाटावं तसा हंबरडा आला. "आये गं! मला न भेटता कशी गेलीस गं!" पारगावहून साळुबाई, वावरातून तशीच चिखलाच्या पायांनी निघालेली, तिच्या मागे नणंदा, जावा, शेजारणी.

चिमाबाईचं बिस्किट चहात पडलं. "कोन मेलं गं हितं?" तिने उज्ज्वलाला विचारलं.

साळुबाई रडत रडत दारात आली, आईला पाहिलं आणि तिचा सूर मध्येच अडकला. "आये," ती म्हणाली, "तू हायस?"

"आता तू वरडलीस तवा जरा शंका आली," चिमाबाई म्हणाली. "ये, बस. चिखलाचं पाय पूस आधी. दवाखाना हाय."

मग जे काय झालं ते झालं. साळुबाई आईच्या गळ्यात पडली, नणंदा-जावा एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, वाडीकडून माणसं येतच होती आणि दारात येऊन थिजत होती. कुणी भाकऱ्यांचं फडकं घेऊन आलेलं, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. त्या भाकऱ्या चिमाबाईने तिथेच सगळ्यांना वाटून खायला लावल्या. डॉक्टरीणबाई आधी ओरडल्या, एवढी माणसं आत नकोत. मग त्यांनाही हसू आवरेना.

सगळ्यात शेवटी गेणभाऊ आले. जुन्नरच्या बाजारातून तडक, हातात पानात गुंडाळलेला शेवंतीचा मोठा हार. संपत गेला तेव्हा चिमाबाई रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन न बोलता बसायची, ते त्यांनी मनात ठेवलं होतं. ते टोपी काढून खाली मान घालून आत आले. मान वर केली तर समोर चिमाबाई, पांढऱ्या पातळात, गुडघ्यावर भाकरी.

"ये गेनू," ती म्हणाली. "हार मलाच का?"

हार कुठे ठेवावा ते गेणभाऊंना कळेना. खोलीतलं हसू थांबलं. चिमाबाईने त्यांना जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं, "गेनू, खरं सांगू? मला कळत व्हतं. छाती भरलीया, जीव घाबरतोय, समदं कळत व्हतं. पन खरं म्हनून त्या गाडीत पाय उचलत नव्हता. खोटं म्हनल्यावर उचलला. एवढंच झालं बघ."

गेणभाऊंनी हार या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "आमी दोन दिस घरीच शेकत बसलो, आक्का. संपत म्हनत व्हता, गाडी बोलवा. मीच म्हनलो, उजाडू दे."

तुळशीदास भिंतीला टेकून उभा होता. वर्षभर त्याला वाटत होतं, गेणभाऊंचा राग आपल्या गाडीवर आहे. तो राग कुठे होता ते त्याला आज दिसलं.

"आनलाच हायस तर वाया घालवू नगं," चिमाबाई म्हणाली. "गाडीला घाल."

गेणभाऊ बाहेर गेले. गाडी उन्हात उभी होती, मागची दारं उघडी. त्यांनी पुढच्या काचेखाली हार बांधला, गाठ नीट बसेना म्हणून दोनदा बांधला. मग मागे जाऊन चादरीखाली हात घातला. "आक्कानं शिवलीया न्हवं ही?" त्यांनी विचारलं.

"व्हय," तुळशीदास म्हणाला.

"संपतच्या पाठीला तेवढी ऊब तरी व्हती," गेणभाऊ म्हणाले, आणि वर्षानंतर पहिल्यांदा त्यांनी तुळशीदासच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी वर अहवाल धाडला: सराव यशस्वी, रुग्ण खरा निघाला.

चिमाबाईला बरं वाटेपर्यंत केंद्रातच ठेवलं. त्या दिवसांत तिने नर्सबाईंना गोधडीचे टाके शिकवले आणि शिपायाची सोयरीक जवळजवळ ठरवली. घरी न्यायच्या दिवशी तिने स्ट्रेचरकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं दार उघडायला लावलं, पांढरं पातळ सावरत ड्रायव्हरशेजारी चढून बसली आणि वाडीतून जाताना काच खाली करून प्रत्येक दाराकडे बघत हात हलवत राहिली. झोपून गेलेलं माणूस बसून परत आलेलं टेपवाडीने डोळे भरून पाहिलं.

त्यानंतर हळूहळू टेकाडावरून फोन यायला लागले. पहिल्यांदा एका सुनेचा, बाळाला दूध ओढवत नाही म्हणून. मग एका म्हातारीचा, स्वतःच टेकाड चढून, "धाप लागलीया" हे सांगायला. ते ऐकून तुळशीदासने कपाळाला हात लावला, पण गाडी घेऊन पळाला. गाडीत ऊन खाल्लेली गोधडी असायची, कुणाच्या पाठीला गार लागलं नाही. माणसं जायची आणि यायची. काही जणांना पुढे जुन्नरला हलवावं लागलं, तेही परतले. आणि तुळशीदासच्या ध्यानात आलं, की या थंडीत भोंग्याला फारसं काम पडत नाहीये. वेळ हातात असली की घाई कशाला?

पौष लागला. एका सकाळी धुकं इतकं होतं की रस्त्याची कड दिसेना. तुळशीदास पिवळे दिवे लावून सावकाश चालला होता. वाडीच्या फाट्यावर कोणीतरी घोंगडी पांघरून, काठी टेकून उभं होतं, आणि एसटीला करावा तसा त्याने गाडीला हात केला. जवळ जाऊन बघतो तर गेणभाऊ.

"कुठं निघाला गेणभाऊ?"

"तुझ्याकडंच. सकाळधरनं छातीत जरा घरघरतंय." गेणभाऊ दम घेत म्हणाले. "म्हनलं, वाढायच्या आधी जावं. आक्का बसती त्या शिटावर बसू का?"

तुळशीदासने खाली उतरून त्यांना हात देऊन पुढे बसवलं, मागून गोधडी काढून त्यांच्या पाठीशी लावली. गाडी चालू झाली. थोडं अंतर गेल्यावर गेणभाऊ म्हणाले, "भोंगा का लावला न्हाईस?"

"कशाला? रस्ता मोकळा हाय. तुमी वेळेवर आलाय."

"आक्काला खोट्या दुखन्याला वाजवलास. मला खऱ्याला न्हाई व्हय?"

तुळशीदासने त्यांच्याकडे बघितलं. गेणभाऊ समोर बघत होते, पण मिशीखाली हसत होते. गेल्या पौषात ज्यांनी काचेवर बोट वाजवून भोंगा बंद करायला लावला होता, तेच. तुळशीदासने बटण दाबलं. एकदाच, छोटासा.

धुकं विरत होतं. रस्त्याकडेच्या वावरात कांदा खुरपणाऱ्या बायांनी माना वर केल्या. कुणी हात जोडले नाहीत, कुणी टेकाडाकडे पळालं नाही. एकीने खुरपं धरलेला हात कपाळाशी नेऊन ओरडून विचारलं, "कोन हाय गं गाडीत?"

गेणभाऊंनी काच खाली केली, घोंगडीतून हात बाहेर काढला आणि होता नव्हता तेवढा दम एकवटून सांगितलं, "मी हाय!"